कथा चालना रे, बापू?

बापू, तुझ्या घरात सध्या एक शब्द कोणी तोंडातून काढत नाही. माझी भावजय कल्पना दळण घेऊन निघाली, शेजारचा पोरगा सायकलवर टांग टाकून निघाला, तुझी वैष्णवी नुसती गच्चीवर निघाली, तरी माय त्यांच्या पाठीकडे बघते आणि ओठ घट्ट मिटून घेते. दातांच्या आड काहीतरी जिवंत असावं आणि सुटलं तर चावेल, असं तिचं तोंड होतं.

शब्द तुला माहीत आहे. कथा.

पुण्या-मुंबईकडचं कोणी हे वाचेल तर हसेल. त्यांची कथा म्हणजे गोष्ट. आपल्या अहिराणीत कथा म्हणजे कुठे, कुठल्या दिशेला; ‘कथा चालना?’ म्हणजे कुठे निघालास? आणि घरातून निघालेल्या माणसाला हा प्रश्न विचारायचा नाही, हे आपण दोघं नीट चालायला लागायच्या आधी शिकलो. विचारलं की टोकलं गेलं. मग त्या वाटेवर काहीतरी येऊन उभं राहतं, असं माय म्हणते. काय उभं राहतं ते तिने कधी सांगितलं नाही, म्हणून लहानपणी मला ते फार मोठं वाटायचं. अगदीच जीव राहिला नाही तर ‘लांब शे का?’ एवढं विचारायची मुभा. तेही जमिनीकडे बघत.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाल्यावर दुसऱ्या सकाळी तू मोटारसायकलला किक मारलीस आणि मी तो शब्द उच्चारला.

मी घराण्याची गोष्टीवेल्हाळ बाई. लग्नात मांडव पडल्यापासून ते नवरी गाडीत बसेपर्यंत माझं तोंड बंद नसतं. जावई लोक माझ्या शेजारची खुर्ची टाळतात. इतक्या वर्षांत बोललेलं कोणाच्या लक्षात राहिलं नाही. आता सगळ्या भावकीला माझा एक शब्द पाठ आहे. दारावर भेटायला आलेल्या बाया मला बघून पदर तोंडाशी नेतात आणि एकमेकींना कोपराने ढोसतात. हीच ती, इनीच इचारं.

*

तू हॉस्पिटलातली ब्रदरची नोकरी सोडून शहाद्याच्या कॉलेजात पोरांना शिकवायला लागलास, तेव्हा मला वाटलं, चला, बापू मास्तर झाला, आता तरी सावलीत बसेल. तू काय शिकवतोस ते मला बरेच दिवस कळलंच नव्हतं. मी नंदुरबारात सगळ्यांना सांगत होते की माझा भाऊ ड्रायव्हरकीचा क्लास घेतो. अँब्युलन्स म्हटल्यावर मला ड्रायव्हरच दिसायचा. मागच्या बाजूला रुग्णापाशी जो माणूस वाकलेला असतो, ज्याने दवाखाना येईपर्यंत त्याचा श्वास धरून ठेवायचा असतो, तो घडवावा लागतो, हे तू मला समजावलंस. आणि समजावून झाल्यावर मलाच जमिनीवर झोपवलंस.

कारण तुला रुग्ण हवा होता. तुझ्याकडे तो पुतळा होता, छातीपर्यंतचा, पोरं त्याला बिनपाय्या म्हणायची. त्याची छाती योग्य जोराने दाबली की आत टक् वाजतं. पण बिनपाय्या कण्हत नाही, उलटी करत नाही, खोटं बोलत नाही. मी हे सगळं करायची. पोरांनी मला स्ट्रेचरवर घेतलं की त्यांच्या मानेच्या शिरा फुगायच्या आणि तू म्हणायचास, “आक्काला उचललं तर तुम्ही जगात कोणालाही उचलाल.” मी डोळे मिटून मेल्यासारखी पडायची आणि पाच मिनिटांत कंटाळायची.

“वैशू, चहा टाक वं जरासा,” मी तुझ्याच वर्गात शिकणाऱ्या वैष्णवीला म्हणायची.

“बेसुद माणूस चहा मांगत नही, आक्का!” तू ओरडायचास.

मायला हे अजिबात आवडायचं नाही. खोटं मरण खेळू नये म्हणायची. तू पुतळा घरी आणलास तेव्हा तिची पहिली ओरड काय होती, आठवतं? “त्यानं डोकं दखनकडे नको करू रे!” तू कुठेही ठेवलास तरी ती मागून येऊन त्याला फिरवायची, डोकं पूर्वेला करायची आणि वरून चादर घालायची. तोंड उघडं असलेला माणूस असा पडून राहिलेला तिला बघवत नसे.

*

तुझी त्या शब्दाशी लढाई रमिलापासून सुरू झाली असं मी मानते. तू नाही म्हणशील. हा वाद आपला अर्धवट राहिला, तर आज मी माझी बाजू लिहून घेते. तू काही मध्ये बोलू शकत नाहीस.

रमिला धडगावच्या डोंगरातली, घरात पावरी बोलणारी. मराठी शाळेत शिकलेली, अहिराणी शहाद्याच्या स्टँडवर कानावर पडेल तेवढीच. त्या दिवशी तू फोन घ्यायचा सराव घेत होतास. मी अपघातात सापडलेली, जमिनीवर. रमिला माझी नातेवाईक होऊन फोन करणार आणि तू अँब्युलन्सवाला होऊन तो घेणार. तिने नमस्कार केला, घाबरून सांगितलं की बाई पडली आहे. तू खेड्यातला माणूस विचारेल तसं विचारलंस, “कथा?”

पोरगी क्षणभर गोंधळली. मग सरळ उभी राहिली, हात मागे बांधले आणि कोल्ह्याची आणि खेकड्याची कथा सांगायला लागली.

वर्ग फुटला हसून. तू कोणालाही हसू दिलं नाहीस. तिला पूर्ण कथा सांगू दिलीस, खेकडा बिळात गेला तिथपर्यंत. आणि मग म्हणालास, “गोष्ट छान आहे. रुग्ण मेला.”

मी जमिनीवर होते, बापू. तुझा आवाज वरून आला. भर उन्हाळ्यात फरशी गार लागली मला.

त्यानंतर तू प्रत्येकाला फळ्याशी बोलावलंस आणि आपापल्या घरातला ‘कुठे’ लिहायला लावलास. भिली, पावरी, कोकणी, अहिराणी, एका पोराच्या आजोळची गुजराती. माणूस घाबरला की शाळेतली भाषा सगळ्यात आधी पळून जाते, असं तू त्यांना सांगितलंस. आणि नियम घालून दिलास: पहिला प्रश्न कुठे. काय झालं हे नंतर. उत्तर आलं नाही तर पुन्हा विचारायचं. तरी नाही आलं तर विचारत राहायचं, पण फोन आपण ठेवायचा नाही. पलीकडे श्वास असतो.

रमिला त्या दिवसापासून मला कथेवाली फुई म्हणते, फुई म्हणजे आत्या. मी तिला खेकडा म्हणते.

आणि तू मात्र बिघडलास. तुला दिसायला लागलं की ज्या घरात निघालेल्याला कुठे विचारत नाहीत, त्या घराला वेळ आल्यावर कुठे सांगता येत नाही. दवाखान्यात असताना तू असे किती बघितले होतेस, शेतात कुठल्या बांधावर पडला ते बायकोला माहीत नाही, कुठल्या गावाला गेला ते भावाला माहीत नाही. मग तू फाटकात उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत सुटलास. काका कापूस भरून ट्रॅक्टर बाहेर काढत होता, तू ओरडलास, “काका, कथा?” काकाने भरलेला ट्रॅक्टर तसाच मागे घेतला, इंजिन बंद केलं, खाली उतरला आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाला, “जळो तुन्हं तोंड!” त्या दिवशी कापूस गेला नाही.

तू मला म्हणायचास, “आक्का, अँब्युलन्सला शकुन-अपशकुन कळत नाही. तिला जागा लागते. आपण पिढ्यान्‌पिढ्या जागा लपवत आलो.” मी हो म्हणायची. माझं खरं मत तुला कधी सांगितलं नाही. दिवसा मी तुझ्या बाजूची असते. दिवेलागण झाली की मायच्या.

*

त्या सकाळी मी तुझी फिरकी घ्यायला विचारलं. एवढंच होतं, बापू. तू वर्षभर सगळ्यांना टोकत फिरतोस, तर बघू, तुला कोणी टोकलं तर तुझा चेहरा कसा होतो. अंगणातल्या लिंबाला आखाजीचा झोका तसाच बांधलेला होता, मी त्यावर बसून पाय हलवत होते. पन्नाशी उलटलेली बाई. तू हेल्मेट घातलंस, किक मारलीस.

“कथा चालना रे, बापू?”

मायच्या हातातलं सूप खाली गेलं.

“दिधं ना टोकी! ये रे बापू, माघारे ये. आतमा ये, बठ. पाणी पी, मंग जाय!”

तू इतका खूश झालास की मला वाटलं आता नाचतोस. गाडी बंद केलीस, आलास, मायच्या खाटेवर बसलास, तिने दिलेला तांब्या वर धरून पाणी प्यायलास. “माय, पाणी पीसन जास. पण आक्कानी बरं इचारं. आता उत्तरबी घी ले, आक्का. धडगाव. चांदसैलीना रस्ता.”

मी म्हटलं, तू तर नेहमी म्हसावदवरून जातोस. तू म्हणालास, घाटातलं रेंजचं वळण एकदा डोळ्यांनी बघून घ्यायचं आहे, पोरांना शिकवताना चुकायला नको. चांदसैलीच्या घाटात एका वळणावर, मोहाच्या झाडापाशी, फोन लागतो. त्याच्या अलीकडे नाही, पलीकडे नाही. हे तू वर्गात सांगत होतास, रमिलाच्या सांगण्यावरून.

गेलास. धूळ बसली. मी माझ्या चुकीवर हसत होते आणि मायने सुपातले दाणे वेचायला घेतले होते. दाणे तिच्या बोटांतून पुन्हा सांडत होते. मी म्हटलं, वय झालं.

*

तुझा फोन आला तेव्हा मी आदल्या दिवसाची खापराची पोळी रसात बुडवत होते. पडद्यावर तुझं नाव. मी म्हटलं, “बोला मास्तर, रेंज सापडली?”

तू बोलला नाहीस.

वारा होता. आणि वाऱ्याच्या खाली, कोरड्या नाल्यात वाळू सरकावी तसा तुझा श्वास होता. मध्ये थांबायचा, पुन्हा सरकायचा. मी म्हटलं, बापू. मग म्हटलं, कथा? कथा रे बापू? मी विचारत राहिले. तोच शब्द, पुन्हा पुन्हा, स्वयंपाकघरात, माय पलीकडच्या खोलीत असताना. हे तिला अजून माहीत नाही. तिला वाटतं मी एकदाच विचारलं.

वैष्णवी आली, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि स्वतःचा फोन काढून अँब्युलन्सला लावला. आवाज चढवला नाही तिने. तुझी पोरगी आहे. कल्पना मागून म्हणत होती, म्हसावदकडे पाठवा, ते म्हसावदवरूनच जातात.

“फुई, तू सकाळी विचारलं होतंस. पप्पा काय म्हणाले?”

“चांदसैली.”

“मग फोन लागला म्हणजे ते मोहापाशी आहेत.” आणि तिने तेवढंच पलीकडे सांगितलं. चांदसैलीचा घाट, रेंजचं वळण, मोहाचं झाड, माणसाला बोलता येत नाही, नुसता श्वास ऐकू येतो. मी माझा फोन ठेवला नाही. तुझा नियम.

मग मला फोनमधून सायरन ऐकू आला, बापू. लांबून. आणि नंतर जवळून, आणि मग रमिलाचा आवाज. “सर. सर, मी रमिला.”

ती आता धडगावच्या अँब्युलन्सवर होती, तिकडूनच आली होती. पुढचं तिने मला नंतर सांगितलं, ओट्यावर बसून, गुडघ्यात तोंड घालून. तू झाडाला टेकून बसला होतास, हेल्मेट काढून मांडीवर ठेवलेलं. घाईत तिने तुझ्या तोंडाला ऑक्सिजनचा मास्क उलटा लावला. तू हात वर केलास, मास्क काढलास, सरळ केलास आणि स्वतः लावून घेतलास. आणि तिच्याकडे असं बघितलंस, ती म्हणाली, की पास आहेस पण जेमतेम.

घाट उतरून धडगाव यायच्या आत तुझी छाती थांबली. ती दाबत राहिली, दवाखान्याच्या दारापर्यंत. दार आलं तरी थांबली नाही. दोघांनी धरून तिला बाजूला केलं. तिथल्या डॉक्टरीणबाई वैष्णवीला म्हणाल्या की उशीर झाला नव्हता, पोरांनी वेळेत गाठलं होतं, पण तुझ्या हृदयाची मोठी शीरच मुळाशी बंद झाली होती. वेळेत गाठलं होतं. हे वाक्य मी रोज उलटून पालटून बघते. ते माझ्या बाजूचं आहे की माझ्या विरुद्ध, ते ठरत नाही.

*

तुला हसू येईल असं एक सांगते. कोरीटची मावशी उशिरा आली, भर दुपारी, डोळ्यांना नीट दिसत नाही तिला. पडवीत चादरीखाली बिनपाय्या झोपलेला, डोकं पूर्वेला. मावशी थेट त्याच्यापाशी बसली आणि छाती बडवून रडायला लागली. त्याच्यावर पडली. आणि बापू, आत टक् वाजलं.

मावशी रडता रडता थांबली आणि म्हणाली, “जिता शे रे हाऊ!”

वैष्णवीला आधी हसू फुटलं, मग तेच हसू रडं झालं, आणि मग आम्ही सगळ्याच तशा झालो. पण त्या दिवसापासून माय पडवीत जात नाही. दुपारी सगळं सामसूम असताना तिला टक् ऐकू येतं म्हणे. मी तिला समजावलं की चादर आहे, वारा आहे. मला पण ऐकू येतं हे सांगितलं नाही.

माय मला दोष देत नाही, हे तुला सांगायला हवं. भावकी देते, माय नाही. तिने बराच विचार करून कारण शोधलं आहे. “बूट नही काढात त्यानी,” ती म्हणते. “आतमा उना, पाणी पिना, पन बूट घालीसनच बठना. मंग ते बठनं नही मानता येत.” तिच्या हिशोबात उतारा बरोबर होता, तू अर्धवट घेतलास. तिने तुझ्या बुटांकडे बघितलं होतं आणि म्हणणार होती, पण तू घाईत होतास. तिचा एक शब्द आत राहिला आणि माझा एक बाहेर पडला. आम्ही दोघी आता एकाच खोलीत झोपतो आणि दोघींनाही झोप नसते.

*

आज सकाळी वैष्णवी कामावर निघाली, बापू. पहिल्यांदा. तिची नेमणूक धडगावलाच झाली आहे, त्याच अँब्युलन्सवर, रमिलाच्या पाळीनंतरची पाळी. कल्पनाने डबा भरला आणि मागच्या दाराने गोठ्यात निघून गेली. मला वाटलं, माय अडवेल. तिने अडवलं नाही. खाटेवर बसून ती भिंतीकडे बघत राहिली, म्हणजे पाठ दिसायला नको.

वैष्णवी उंबरठ्यापाशी गेली आणि तिथेच थांबली. निळा गणवेश, पायात काळे बूट.

“फुई, विचार.”

मी म्हटलं, “काय?”

“तुला माहितीये काय. कोणी विचारल्याशिवाय मी निघणार नाही. पप्पांचा नियम आहे.”

माझ्या तोंडाचा काय भरवसा, तुला माहीत आहे. नको तिथे चालतं. आज जबडा मिटला तो उघडेना. मी लुगड्याचा काठ बोटाला गुंडाळत बसले. मनात म्हटलं, विचारलं आणि काही झालं तर? मग म्हटलं, नाही विचारलं आणि काही झालं तर? बाहेर जीप हॉर्न वाजवत होती. शेवटी मी काय म्हटलं असेल? “लांब शे का, बेटा?” जमिनीकडे बघत.

“फुई, नीट विचार.” तिचा आवाज फाटला.

आणि खाट कुरकुरली.

“वैशू,” माय म्हणाली, “बूट काढ.”

पोरगी बघत राहिली.

“बूट काढ. आतमा ये. बठ आठे.”

वैष्णवीने वाकून नाड्या सोडल्या, बूट उंबरठ्याच्या आत काढून ठेवले आणि अनवाणी येऊन मायच्या शेजारी बसली, अगदी तू बसला होतास तिथे. मायने तांब्या दिला. पोरगी पाणी प्यायली, सगळं. मायने रिकामा तांब्या आत डोळा घालून तपासला. मग नातीचे दोन्ही तळवे आपल्या हातात घेतले, आणि मला दिसलं की ती काय करते आहे. उतारा ती आधी देऊन मोकळी होत होती. जे उभं राहायचं असेल त्याच्या आधी.

“आते सांग,” माय म्हणाली. आवाज इतका बारीक की मी श्वास रोखला. “कथा चालनी?”

“धडगाव, आजी. चांदसैलीना रस्ता.”

तेच शब्द, बापू. तुझेच. मायचे डोळे मिटले गेले. हात तिने लगेच सोडले नाहीत. मग सोडले.

“बरं,” ती म्हणाली. “जाय.”

जीप गेली. धूळ बसायच्या आधी माय उठून पडवीत गेली, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, आणि बिनपाय्याच्या अंगावरची चादर नीट केली. डोकं पूर्वेलाच होतं, तरी तिने बघून घेतलं.

आता दुपार झाली आहे. मी हे लिहिते आहे आणि फोन समोर पाटावर ठेवला आहे, मायच्या आणि माझ्या मधोमध. मोहापाशी पोचले की वाजवते, असं वैष्णवी म्हणाली होती. त्या वळणाच्या अलीकडे फोन लागत नाही, हे आम्हाला दोघींना माहीत आहे. माय दाणे निवडते आहे, दाण्यात खडा नाही तरी निवडते आहे. आत्ता आतून टक् वाजलं. आम्ही दोघींनी ऐकलं, दोघींनी एकमेकींकडे बघितलं आणि दोघी पुन्हा फोनकडे बघायला लागलो.

वाजेल. वाजेपर्यंत मला एक विचारायचं आहे. तू गेल्यावर भेटायला येणारे सगळे विचारत होते, काय झालं, कसं झालं, कधी झालं. आम्हीही तेच विचारत बसलो. पहिला प्रश्न कोणी विचारलाच नाही. तू शिकवलेला.

तर मी विचारते. माय समोर आहे, ऐकू दे तिला. उत्तर आलं नाही तरी चालेल, मी फोन ठेवणार नाही.

कथा गया रे, बापू?